खोटं ठरवलेलं घड्याळ

घड्याळांचा विषय निघाला की मला आवरावं लागतं, असं घरचे म्हणतात. खरं आहे. चावीची जुनी घड्याळं, त्यांच्या पोटातली मशीनं, अस्सल कुठलं आणि बाजारात रंगवून विकलेलं कुठलं — या गोष्टींवर मी ताटातलं जेवण थंड होईपर्यंत बोलत राहतो. पण माझ्या कपाटात एक घड्याळ आहे, त्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी एकही खरा शब्द बोललेलो नाही. बायकोशी नाही, मुलाशी नाही. मिलिंदशी तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, एवढंच असेल. मला धीट समजू नका.

मी हिंगोलीत राहतो. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. मूळचा हट्ट्याचा; तिथली शेती भाऊ बघतो. तरुणपणी एका घड्याळजीच्या दुकानात बसून बसून हा नाद लागला आणि नोकरीभर पुरला. तोवर माझ्या या वेडाला कुणी विचारत नव्हतं. मग मोबाइल आले, मोबाइलवर जुन्या घड्याळांचे व्हिडिओ आले, आणि अचानक लोकांना आजोबांच्या पेटीतली बंद घड्याळं आठवायला लागली. ती घेऊन माणसं माझ्याकडे यायला लागली. एका मित्राच्या फोटो स्टुडिओची मागची खोली मिळाली. रविवारी सकाळी तिथे आमची बैठक भरते. चहा, खारी, टेबलावर पांढरा कपडा, त्यावर घड्याळं. शाळेत पोरं जांभया द्यायची. इथे मोठमोठी माणसं श्वास रोखून ऐकायची. या वयात एवढा मान मिळाला की डोकं ठिकाणावर राहतं का कुणाचं? माझं तरी राहिलं नाही.

बैठकीचा नियम मीच घातलेला. आधी झाकण उघडायचं, मग तोंड. घड्याळ वरून कितीही देखणं असो नाहीतर कळकट असो, मागचं झाकण उघडून मशीन पाहिल्याशिवाय त्याच्यावर निकाल द्यायचा नाही. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच पाठ करायला लावायचो. कारण वरची डायल फसवते. जुनी डायल खराब झाली की बाजारातले लोक ती घासून काढतात, नव्यानं रंगवतात, आणि भोळ्या माणसाच्या गळ्यात मारतात. उर्दू आकड्यांच्या डायलीत तर हे फारच चालतं. निजामाच्या काळात आपल्याकडे तशी स्विस घड्याळं येत असत, आता शौकीन लोक ती शोधत फिरतात, म्हणून नकली रंगवणाऱ्यांचं फावतं.

मिलिंद आला तो असंच उर्दू आकड्यांचं घड्याळ घेऊन.

दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे तो. पस्तिशी ओलांडलेला, शांत, नजर बारीक. शिरड शहापूरचा. घरी वडील, अण्णा म्हणतो तो त्यांना. गावात सगळे गुरुजी म्हणतात. आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. मिलिंदला नोकरी लागली तेव्हा गुरुजींनी हे घड्याळ त्याच्या हातावर बांधलं होतं. आल्या आल्या त्यानं त्याची कहाणी सांगितली. गुरुजी मॅट्रिक झाले तेव्हा — त्यांच्या वस्तीतले पहिलेच — हेडमास्तरांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यांना दिलं. हेडमास्तर उर्दू शाळेतून आलेले, जुन्या वळणाचे. गावात काही लोकांचा यावर कधी विश्वास बसला नाही. बाजारातून आणलं असेल म्हणायचे. गुरुजी हसायचे आणि कहाणी पुन्हा सांगायचे.

त्या रविवारी खोलीत नवीन माणसं बरीच होती. सगळे टेबलाभोवती वाकलेले. मी घड्याळ हातात घेतलं. काच पिवळी पडलेली, ओरखड्यांनी भरलेली. खालची डायल धुरकट दिसत होती. झाकण दाबून बसणारं होतं, चाकूचं टोक फटीत घालून उचकटायचं. मी टोक घातलं. ते निसटलं. पुन्हा घातलं. पुन्हा निसटलं.

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. त्याआधी काही महिन्यांपासून माझा उजवा हात मधूनच थरथरायला लागला होता. हे मी सगळ्यांपासून लपवत होतो. चहाचा कप डाव्या हातानं घ्यायचो. त्या दिवशी एवढ्या डोळ्यांसमोर चाकू दोनदा घसरला, आणि तिसऱ्यांदा घसरला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी चाकू खाली ठेवला. भिंगही न लावता घड्याळ जरा लांब धरलं, आणि म्हणालो की याला उघडायची गरजच नाही. डायल रंगवलेली आहे. अलीकडचं, बाजारातलं काम आहे. गुरुजी मॅट्रिक झाले त्या काळी हे अस्तित्वातच नसेल.

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. सरांना झाकण उघडावंसुद्धा लागत नाही!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचा हात थरथरला, लाजेपोटी काहीतरी बोलून गेला, त्यात एवढं काय? मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो. पण ते पूर्ण खरं नाही. हात थरथरला म्हणून मी गप्प राहू शकलो असतो. पुढच्या रविवारी बघू, म्हणू शकलो असतो. मग खोटं म्हणूनच का सांगितलं?

सांगतो. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, तर अजून दोन ओळी लागू द्या.

मिलिंद कहाणी सांगत होता तेव्हाच माझ्या मनात आलं होतं — त्या काळात? त्या वस्तीतल्या पोराला? हेडमास्तर स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून देतो? आमची एवढी जमीन, गावात एवढा मान, तरी माझ्या वडिलांच्या मनगटावर असलं घड्याळ कधी नव्हतं. मग यांच्याकडे कुठून येणार? हे शब्द मी तोंडातून काढले नाहीत. मी असलं काही मानत नाही, असं चारचौघांत सांगणारा माणूस आहे मी. वर्गात समता शिकवलेली आहे. पण निकाल तिथेच लागला होता, घड्याळ माझ्या हातात येण्याआधी. चाकू घसरला ते फक्त निमित्त झालं. गावातल्या ज्या लोकांचा गुरुजींवर विश्वास बसला नाही, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एकच होता. मी भिंग बाळगून होतो.

मिलिंदचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. मग तो हसला. माझ्यावर त्याचा इतका विश्वास, की वडिलांच्या शब्दापेक्षा माझा शब्द त्यानं वर ठेवला. जाताना घड्याळ टेबलावरच ठेवून गेला. म्हणाला, "सर, तुमच्यापाशीच राहू द्या. नवीन माणसायला खोटं कसं ओळखायचं ते दाखवायला बरं पडंल." मीही ठेवून घेतलं. मोठ्या मनानं ठेवून घेतल्यासारखं दाखवलं.

मी ते उघडलं एका दुपारी, घरी, गच्चीवर उन्हात बसून. हात त्या दिवशी बरा होता. का उघडलं? संशय आला म्हणून नव्हे. नमुना म्हणून दाखवायचं तर आतलं नकली काम नीट पाहून ठेवावं, एवढाच विचार. झाकण सहज निघालं. आत मशीन स्वच्छ, जसंच्या तसं, एकही सुटा भाग दुसरीकडचा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या कारागिरांनी दुरुस्तीच्या वेळी कोरलेल्या बारीक खुणा, त्यातल्या काही उर्दूत. मग मी पिवळी काच काढली. खालची डायल धुरकट नव्हतीच, धुरकट काच होती. डायल पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कपबशीसारखी. भट्टीत भाजलेली इनॅमलची डायल. अशा डायलीवरचे आकडेही भट्टीतूनच भाजून येतात. ती घासून कुणी बाजारात रंगवत नाही. हे मीच सगळ्यांना शिकवतो. घड्याळ गुरुजींच्या मॅट्रिकच्या आधीचं होतं. पुष्कळ आधीचं. एखाद्या हेडमास्तरानं तरुणपणी घेऊन वर्षानुवर्षं वापरलेलं असावं, तसंच.

मी चावी दिली. ते चालायला लागलं.

तेव्हा गुरुजी जिवंत होते. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण माझा गुन्हा या वाक्यात आहे. मला खरं कळलं तेव्हा गुरुजी जिवंत होते.

मी मिलिंदला फोन लावला. तो आनंदात होता. बैठकीतल्या दोन नवीन माणसांना तो त्या घड्याळाचीच गोष्ट सांगत होता म्हणे, सरांनी न उघडता कसं ओळखलं त्याची. मी विचारलं, बरा आहेस ना? आणि फोन ठेवला. काच घट्ट बसवली, झाकण दाबलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला तेव्हा ते शहाणपण वाटलं.

पुढे मिलिंदनंच एकदा सांगितलं, हसत हसत, की अण्णा काही ऐकायला तयार नाहीत. त्यानं त्यांना आमच्या बैठकीचा नियम मागेच कौतुकानं सांगितला होता. झालं, गुरुजींनी तेवढाच धरला. दर खेपेला घरी गेलं की विचारायचे, "तुह्या सरानं ते उघडलं का रे? उघडल्याबिगर कसं सांगितलं मग?" मिलिंदला ही म्हाताऱ्याची जिद्द वाटायची. अख्ख्या जगात बरोबर प्रश्न विचारणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच मी खोटं पाडलं होतं.

मग मिलिंदनं जेवायला बोलावलं, गावी. सरांची अण्णांशी गाठ घालून द्यायची होती त्याला. टाळण्याजोगं कारण सापडलं नाही. शिवाय — हे खरं सांगतो — मी ते घड्याळ खिशात घालून नेलं होतं. तिथे सांगून टाकायचं, असं ठरवून निघालो होतो. शिरड शहापूर येईपर्यंत ठरवलेलं होतं.

गुरुजी ओसरीत खुर्चीवर बसलेले. पांढरा सदरा, वाळलेला देह, आवाज मात्र वर्गातला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांनी मला शेजारी बसवलं, पाणी आणायला लावलं, हट्ट्याला शेती कशी आहे विचारलं. यंदा सोयाबीन कसं, भाऊ बरा का. मला वाटलं, विसरले असतील. मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमी ते उघडून पाह्यलं का?"

मिलिंद माझ्या मागे उभा होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो कसा पाहत असेल ते मला ठाऊक होतं. माझा हात खिशात, घड्याळावर. खरं बोललो तर मी त्याच्यासमोर कोण उरलो असतो? न बोललो तर या म्हाताऱ्यासमोर कोण उरणार होतो? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हणालो, हो, पाहिलं उघडून.

"मंग?"

आणि मी जे बोललो, ते मला तेव्हा फार सभ्यपणाचं वाटलं. "गुरुजी, तुमच्या हेडमास्तरांनाच कुणीतरी फसवलं असेल."

म्हणजे तुमचा शब्द खरा, घड्याळ तेवढं खोटं. दोघांची अब्रू राखल्यासारखं. काय हुशारी! बाजारात मागाहून रंगवलेलं काम म्हणून मीच निकाल दिला होता, त्याच्याशी हे जुळतसुद्धा नव्हतं, आणि मिलिंदच्याही ते लक्षात आलं नाही. गुरुजींच्या आलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं, तसं.

"हेडमास्तर फसणाऱ्यातले न्हवते," ते म्हणाले. "आन् मी लबाड बोलणाऱ्यातला न्हाई." मग आत वळून सुनेला हाक मारली, "वाढा, सरायला उशीर होऊन राहिला."

मी जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दुसऱ्यांदा भाजी घेतली. घड्याळ खिशातच होतं आणि चालू होतं, कारण निघताना मी त्याला चावी दिली होती. गुरुजींना ऐकू येईल की काय, अशी भीती मला जेवताना सारखी वाटत होती.

त्यानंतर त्यांनी मिलिंदला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. आता त्यांना पटलं, असं मिलिंदला वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले.

पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. गर्दी मोठी होती. कितीतरी जण त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः म्हातारा, बोलायला उभा राहिला आणि गुरुजींच्या मॅट्रिकची, हेडमास्तरांनी मनगटावरून काढून दिलेल्या घड्याळाची गोष्ट सांगायला लागला. मिलिंद हळूच पुढे झाला, त्याच्या दंडाला हात लावून म्हणाला, "काका, ते राहू द्या." तो माणूस गोंधळला, दुसरं काहीतरी बोलून खाली बसला. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, समजूतदारपणे, जणू आम्हा दोघांना एक अवघडलेली गोष्ट ठाऊक होती. आणि मी मान हलवली. हो. मी मान हलवली.

आता बैठक खरं तर मिलिंदच चालवतो. माझ्या हातानं काही उघडणं होत नाही, आणि ते आता सगळ्यांना माहीत आहे. कुणी हसलं नाही, उलट खुर्ची आणून देतात. एवढ्यासाठी मी ते सगळं केलं होतं. मिलिंद माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. फक्त नियम मोडला आहे. नवीन माणसं झाकण उघडायला मागतच नाहीत. सरांसारखं न उघडता ओळखायचं, यातच त्यांना मोठेपणा वाटतो. मध्यंतरी सेनगावची एक बाई सासऱ्याचं खिशातलं घड्याळ घेऊन आली होती. पांढरी, गुळगुळीत डायल. मिलिंदनं गुरुजींचं ते घड्याळ शेजारी ठेवलं, दोन्ही डायली दाखवल्या आणि अगदी हळुवारपणे तिला सांगितलं की हेही तसलंच आहे. तिनं ते रुमालात गुंडाळलं. उंबऱ्यापर्यंत गेली, चपला घालायला वाकली. तेवढ्या वेळात मी बोलू शकलो असतो. मी चहा पीत होतो.

मिलिंदला सांगितलं तर त्याचं काय होईल, असं मी स्वतःला विचारतो. वडिलांना त्यानं शेवटपर्यंत हसण्यावारी नेलं, लोकांसमोर त्यांची गोष्ट थांबवली. हे कळल्यावर तो कसा जगेल? म्हणून मी गप्प आहे, असं म्हणायला फार छान वाटतं. तेही खोटंच आहे. तो मला सर म्हणतो, दारात वाकून माझ्या चपला नीट लावून ठेवतो. मला ते जायला नको आहे.

बायको विचारते, एवढी अस्सल घड्याळं कपाटात पडून असतात आणि त्या खोट्यालाच रोज सकाळी काहून चावी देता? मी म्हणतो, सवय.

वेळ ते अजून बरोबर दाखवतं.

काल मिलिंदचा फोन आला होता. रविवारी कॉलेजची काही पोरं-पोरी येणार आहेत, अगदी नवीन, त्यांना पहिल्यापासून शिकवायचं आहे. "सर, तेवढं अण्णांचं खोटं घड्याळ आणजा बरं का."

मी आणतो म्हणालो.